बोरघाटाचा चढ आणि घर्षणाचा हिशेब

सह्याद्रीच्या कड्यावरून आगगाडी चढवण्याचा जो उद्योग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात पार पाडला, त्याचा इतिहास बहुधा खडकाशी झालेल्या झुंजीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्यात २५ बोगद्यांची गणती येते, दऱ्यांवरील दगडी कमानींच्या पुलांची वर्णने येतात आणि कड्यावरून दोराने लोंबकळत सुरुंगाची भोके पाडणाऱ्या मजुरांचे धाडसही येते. हे सारे खरेच आहे. तथापि खडकाचा प्रश्न दारू, पैसा आणि माणसांचे बळी देऊन सुटण्याजोगा होता. लोखंडी चाक लोखंडी रुळाला किती धरून राहील, हा दुसरा प्रश्न मात्र तसा नव्हता. कोणत्या वाटेने जायचे, उतार किती ठेवायचा, इंजिन कोणत्या घडणीचे असावे आणि वर गेलेली गाडी सुखरूप खाली कशी आणायची, या सर्व गोष्टींचे निर्णय शेवटी त्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होते.

घर्षण म्हणजे एकमेकांना टेकलेल्या दोन पृष्ठभागांमध्ये, ते एकमेकांवरून सरकू लागले किंवा सरकू पाहू लागले की, त्या हालचालीच्या विरुद्ध दिशेने उत्पन्न होणारे बल. त्याचे नियम युरोपात रेल्वेच्या बऱ्याच आधी मांडले गेले होते. गिलोम आमोंतों या फ्रेंच अभ्यासकाने १६९९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे असे प्रतिपादन केले की, घर्षण हे दाबाच्या प्रमाणात वाढते आणि टेकलेल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाशी त्याचा संबंध नसतो. पुढे शार्ल ओग्युस्तँ कुलोम या लष्करी अभियंत्याने रोशफोर येथील जहाजांच्या गोदीत प्रयोग करून हे नियम पक्के केले, त्याबद्दल १७८१ मध्ये अकादमीचे पारितोषिक मिळवले, आणि स्थिर वस्तू हलवू पाहताना जे घर्षण आड येते ते वस्तू सरकू लागल्यानंतरच्या घर्षणापेक्षा सामान्यतः अधिक असते, हा भेदही आकड्यांनिशी दाखवला. यांपैकी पहिल्याला स्थितिक घर्षण आणि दुसऱ्याला गतिक घर्षण म्हणतात. घर्षणाचे बल आणि दाब यांच्या गुणोत्तरास घर्षणांक अशी संज्ञा आहे. १८३० च्या दशकात आर्त्यूर मोरँ याने मेट्झ येथे निरनिराळ्या पदार्थांचे घर्षणांक मोजून त्यांची कोष्टके तयार केली, तेव्हापासून अभियंत्यांना हे ज्ञान हिशेबात वापरता येऊ लागले.

एवढे असूनही गुळगुळीत चाक गुळगुळीत रुळावर जागच्या जागी गरगरत राहील, गाडी पुढे सरकणार नाही, अशी भीती इंग्लंडातील जाणत्या लोकांनाही दीर्घकाळ वाटत होती. रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या इंजिनाने २१ फेब्रुवारी १८०४ रोजी वेल्समधील पेनीडॅरन येथे दहा टन लोखंड आणि सुमारे सत्तर माणसे ओढून नेली होती आणि त्या इंजिनाची चाके साधीच होती. परंतु एका यशाने शंका फिटत नाही, असा अनुभव शास्त्राच्या इतिहासात अनेकदा येतो. जॉन ब्लेंकिन्सॉपने १८१२ मध्ये लीड्सजवळच्या मिडलटन खाणीसाठी दातेरी रूळ आणि त्यात अडकणारे दातेरी चाक वापरले. विल्यम ब्रंटनने तर पुढच्याच वर्षी मागून लोखंडी पायांनी जमीन रेटणारे यंत्र बनवले. अखेर वायलम खाणीतील विल्यम हेडलीने एका गाड्यावर माणसे उभी करून त्यांच्याकरवी हातांनी चाके फिरवली, वजन कमीअधिक करून पाहिले, आणि चाकांवरचा भार पुरेसा असेल तर केवळ घर्षणाच्या आधारावर इंजिन आपल्यामागची ओळ ओढू शकते हे सिद्ध केले. आमोंतोंचा नियम माहीत असलेल्याला हा प्रयोग अनावश्यक वाटावा, पण खाणमालकाला कोष्टकापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले अधिक पटते.

रेल्वेच्या बाबतीत घर्षण एकाच वेळी दोन परस्परविरुद्ध भूमिका करते, हे येथे लक्षात घेणे अवश्य आहे. फिरत्या चाकाचा विरोध आणि आसाच्या टोकांशी होणारे घासणे हे गतीचे शत्रू होत. सपाट मार्गावर गाडी एकदा चालू लागली की जडत्वामुळे ती तशीच चालत राहावी, परंतु या विरोधामुळे तिचा वेग मंदावतो आणि तो कायम राखण्यासाठी इंजिनाला तेवढेच बल सतत पुरवावे लागते. त्या काळातील चांगल्या मार्गावर मंद वेगाने जाणाऱ्या गाडीला दर टनामागे साधारण साडेचार किलो वजनाएवढा विरोध धरला जाई, म्हणजे लोखंडी रस्त्याचे सारे माहात्म्य या क्षुल्लक आकड्यात होते. दुसरीकडे, इंजिनाचे चाक फिरते तेव्हा ते रुळाला मागे रेटते आणि रूळ त्याला पुढे रेटतो. ही देवघेव ज्या स्थितिक घर्षणामुळे शक्य होते ती चाकाची पकड होय. ही पकड ओलांडून बल लावले की चाक घसरते, आणि मग बाष्पक कितीही जोरकस असला तरी त्याची शक्ती रूळ घासण्यात वाया जाते.

चढ सुरू झाला की या हिशेबात तिसरे बल दाखल होते. ३७ फूट अंतर कापताना एक फूट उंची गाठणाऱ्या चढावर, ज्याला रेल्वेच्या भाषेत ३७ ला १ असे म्हणतात, गाडीच्या वजनाचा सदतिसावा हिस्सा तिला मागे खेचत असतो. हे ओझे दर टनामागे २७ किलो होते, म्हणजे सपाटीवरच्या विरोधाच्या सहापट. जे इंजिन सपाट मार्गावर साडेसहाशे टन ओढते ते या चढावर शंभर टनांनाही पुरे पडत नाही, आणि त्यात त्याचे स्वतःचे वजनही आलेच. डोंगरी रेल्वेचे अर्थकारण या भागाकारातून सुरू होते.

मुंबई ते ठाणे मार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी खुला झाला तेव्हा कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांच्या मनात खरा प्रश्न ठाण्यापलीकडचा होता. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली तयार झालेले हे अभियंते तिशीतच मुंबईत आले होते. सह्याद्री ओलांडल्याशिवाय दख्खनचा कापूस बंदरावर येणार नाही आणि कापूस आल्याशिवाय कंपनीचा खर्च निघणार नाही, ही गोष्ट उघड होती. बोरघाटातून १८३० मध्ये सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बांधलेला गाडीरस्ता होता, परंतु बैल चढून जाऊ शकतात त्या चढावर इंजिन चढू शकेलच असे नाही, कारण बैलाचे खूर जमिनीत रुततात आणि घाट चढताना दम खायला थांबलेला गाडीवान चाकामागे दगड लावू शकतो. लोखंडी चाकाला या दोन्ही सोयी नाहीत.

उतार अधिक तीव्र ठेवला असता तर मार्ग आखूड झाला असता आणि बोगदेही कमी लागले असते. मग ३७ ला १ हीच मर्यादा का, हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण पुरेसे आहे. चाळीस टनांचे एक इंजिन घ्यावे आणि त्याचा सर्व भार चालक चाकांवर आहे असे मानावे. रूळ ओले असताना घर्षणांक ०.१ पर्यंत उतरू शकतो, म्हणजे या इंजिनाला चार टनांहून अधिक ओढ लावता येणार नाही. ३७ ला १ चढावर तेवढ्या ओढीत इंजिनासह सुमारे १२७ टन चढतात, म्हणजे मालाच्या डब्यांसाठी ८७ टन उरतात. चढ २० ला १ केला तर एकूण ७३ टनच चढतात आणि इंजिन वजा जाता हाती ३३ टन उरतात. चढ दुपटीलाही पोचलेला नसताना उपयुक्त भार निम्म्याच्याही खाली येतो, कारण इंजिनाला आधी स्वतःला चढवावे लागते. यापुढे गेल्यास दोरखंड आणि वर बसवलेले स्थिर इंजिन हा त्या काळातील सर्वपरिचित पर्याय घ्यावा लागला असता. बोरघाटात इंजिने स्वतःच्या पकडीवरच चढावीत असा निर्णय झाला.

असे चढ युरोपात अगदीच अपरिचित नव्हते. इंग्लंडात बर्मिंगहॅम आणि ग्लॉस्टर मार्गावरील लिकी येथील चढ १८४० पासून ३७.७ ला १ असा होता, ऑस्ट्रियात कार्ल फोन गेगा यांनी बांधलेला सेमेरिंग मार्ग १८५४ मध्ये खुला झाला होता आणि त्याचा कमाल चढ ४० ला १ होता. परंतु लिकीचा चढ दोन मैलांत संपतो. बोरघाटात पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत पंधरा मैलांहून अधिक अंतरात १८३१ फूट, म्हणजे सुमारे ५५८ मीटर, चढायचे होते, सरासरी चढ ४६ ला १ च्या आसपास होता आणि वाटेत तीव्र वळणे होती. वळणांवर घर्षणाची आणखी भर पडते. रेल्वेची दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात, बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो, त्यामुळे एखादे चाक थोडे घसरतच जाते आणि चाकाची कड रुळाच्या कुशीला घासते. शिवाय खंडाळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, ही गोष्ट युरोपातील कोणत्याही कोष्टकात नव्हती.

बांधकामाची कहाणी येथे थोडक्यात पाहणे पुरेसे आहे. पायथ्याचा मार्ग खोपोलीपर्यंत १८५६ मध्ये आणि वरचा खंडाळा ते पुणे मार्ग १८५८ मध्ये चालू झाला. मधल्या काळात उतारू पालखी, तट्टू किंवा गाडीने घाट ओलांडत. पहिले ठेकेदार विल्यम फाविएल यांच्या हाताखालील मजुरांची मजुरी थकल्यामुळे १८५९ च्या आरंभी दंगा उसळला आणि ठेका त्यांच्याकडून गेला. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरल्यावर काही आठवड्यांतच मरण पावले, तेव्हा त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ठेका आपल्या नावावर चालवून अभियंत्यांकरवी काम तडीस नेले. १८६१ मध्ये घाटात एकाच वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. पटकी, ताप आणि सुरुंगाचे अपघात यांत हजारो दगावली. बर्कली यांनाही मार्ग पुरा झालेला पाहता आला नाही. प्रकृती खालावून ते इंग्लंडला परतले आणि ऑगस्ट १८६२ मध्ये निवर्तले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता.

घाटासाठी जी खास इंजिने मागवली गेली त्यांच्या घडणीत आमोंतोंचा नियम उघड दिसतो. साध्या इंजिनामागे कोळसा आणि पाणी वाहणारी वेगळी गाडी असते, तिचे वजन ओढावे लागते पण पकडीला ते उपयोगी पडत नाही. घाटाच्या इंजिनांत पाण्याची टाकी खोगिरासारखी बाष्पकावरच बसवली होती, म्हणजे पाण्याचा भारही चाकांवर पडून पकड वाढावी. चालक चाके एकमेकांना दांड्यांनी जोडलेली होती, कारण जोडलेली सर्व चाके मिळून रूळ धरतात. तरीही एका इंजिनाची पकड अपुरी पडे आणि मग मागून दुसरे इंजिन रेटा देई. अशा इंजिनाला रेल्वेत बँकर म्हणतात. ते मागे लावण्यात शहाणपण होते: दोन इंजिनांची ओढ पुढच्या साखळ्यांवर एकवटत नाही, आणि एखादी साखळी तुटलीच तर सुटलेले डबे दरीकडे धावण्याऐवजी बँकरला टेकून राहतात.

पकड कमी पडली की वाळू हा उपाय होता. चाकापुढे नळीतून कोरडी वाळू सोडली की ती चिरडली जाऊन रूळ खरबरीत होतो, मात्र मागून येणाऱ्या डब्यांना तीच वाळू जड जाते आणि सह्याद्रीच्या पावसात वाळू कोरडी ठेवणे हेच एक काम होऊन बसते. मुसळधार पावसापेक्षा पहिली रिमझिम अधिक घातक, कारण सरी रूळ धुऊन काढतात, तर रिमझिमीत धूळ आणि तेल यांचा निसरडा थर तयार होतो.

चढण्याचा प्रश्न असा वजन, वाळू आणि दुसरे इंजिन यांनी सुटला. चढणारे इंजिन हरले तर थांबते, फार तर वेळ जातो. उतरणारी गाडी हरली तर ती थांबतच नाही. घाटाच्या इतिहासात उतरण्याला चढण्याएवढीही जागा मिळालेली नाही, ही खरोखर नवलाची गोष्ट आहे, कारण कापसाच्या गाठी तर खालीच यायच्या होत्या.

उतारावर गुरुत्वाकर्षण दर टनामागे २७ किलोंनी पुढे ओढते, त्यातले साडेचार किलो चाकांच्या विरोधात जिरतात आणि उरलेल्या साडेबावीस किलोंना ब्रेकने अडवावे लागते. दोनशे टनांच्या गाडीला त्यासाठी साडेचार टनांचा सततचा रोध हवा. चाळीस टनांचे इंजिन ओल्या रुळांवर फार तर चार टन देऊ शकते, म्हणजे एकट्या इंजिनाच्या ब्रेकवर ही गाडी सावरत नाही. १८६३ मध्ये सर्व डब्यांना एकदम लागणारा ब्रेक सर्रास वापरात आलेला नव्हता. काही डब्यांवर बसलेली माणसे शिटीच्या इशाऱ्यावर हातांनी चक्र आवळून ठोकळे चाकांवर दाबत. ५५८ मीटर उंचीवरून दोनशे टन खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते ती आजच्या मापाने सुमारे ३०० युनिट विजेएवढी असते. तिचा पाचवा हिस्सा चाकांच्या साध्या विरोधात गेला तरी उरलेली सगळी ठोकळ्यांत उष्णतेच्या रूपाने निघते, आणि तेवढ्या उष्णतेने तीन हजार लिटर पाणी उकळीला येईल.

ब्रेक सुटले तर काय होते, याचाही हिशेब करता येतो. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर अशा उतारावरची मोकळी गाडी एका मिनिटात ताशी ४८ किलोमीटर आणि दोन मिनिटांत ताशी ९५ किलोमीटर वेग गाठते. उलट दिशेच्या चढावर घालून तिला थांबवायचे तर पहिल्या वेगाला सुमारे नऊ मीटर उंची पुरते आणि दुसऱ्याला छत्तीस मीटर लागते, कारण वेग दुप्पट झाला की गतीची ऊर्जा चौपट होते. म्हणून अडवायचे तर लवकर अडवले पाहिजे. उतरत्या मार्गाच्या बाजूला वर चढत जाऊन संपणारे आंधळे फाटे, ज्यांना कॅच सायडिंग म्हणतात, ते याच तत्त्वावर उभारलेले असतात.

खंडाळ्याखालच्या रिव्हर्सिंग स्टेशनाचाही विचार याच संदर्भात केला पाहिजे. डोंगराच्या सोंडेवर वळण घ्यायला जागा नसल्यामुळे गाडी तेथे एका टोकाशी येऊन थांबे, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावले जाई आणि गाडी उलट दिशेने निघे. नकाशाच्या दृष्टीने ही तडजोड होती, वेळाच्या दृष्टीने तोटा होता. परंतु उतरणाऱ्या प्रत्येक गाडीला भर घाटात पूर्ण थांबावे लागे, ठोकळे निवत आणि ब्रेक तपासून पाहण्याची सक्तीची संधी मिळे. अर्थात थांबण्याच्या जागीच जी गाडी आवरली गेली नाही तिच्यासाठी पुढे कडा होता, हेही विसरता येत नाही.

ब्रेकच्या घर्षणाचा स्वभाव नीट कळायला आणखी काही वर्षे जावी लागली. कॅप्टन डग्लस गॉल्टन आणि जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७८-७९ मध्ये इंग्लंडात चालत्या गाडीवर प्रयोग केले, तेव्हा कुलोमच्या नियमांना मुरड घालणारी एक गोष्ट पुढे आली. बिडाचा ठोकळा आणि चाक यांच्यातील घर्षण वेगाबरोबर झपाट्याने घटते, म्हणजे गाडी भरधाव असताना, रोधाची सर्वांत अधिक गरज असतानाच, तो सर्वांत कमी मिळतो. शिवाय ब्रेक इतका आवळला की चाक फिरायचे थांबून रुळावरून घसरू लागले, तर रोध वाढत नाही, उलट पुष्कळ कमी होतो. कारण फिरत्या चाकाची पकड स्थितिक असते आणि घसरत्या चाकाची गतिक. घाबरून चक्र शेवटपर्यंत आवळणारा ब्रेकवाला गाडी वाचवण्याऐवजी तिचा आधार काढून घेत असे. घाटात काम केलेल्यांना हे अनुभवाने ठाऊक असणारच, परंतु त्याचे कारण आणि आकडे या प्रयोगांनी दिले. पुढे इंजिनातून सर्व डब्यांचे ब्रेक एकदम लावणारी निर्वात ब्रेकची पद्धत आली आणि उतरण्याचा धोका बराच घटला.

१९२९ मध्ये कल्याण ते पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले, त्याच सुमारास नवा मार्ग काढून रिव्हर्सिंग स्टेशन रद्द करण्यात आले आणि रेल्वेच्या लोकांनी खेकडा असे नाव ठेवलेली विजेची मालवाहू इंजिने घाटात धावू लागली. या इंजिनांत उतरताना मोटरीच जनित्र बनत, चाकांकडून फिरवल्या जाऊन वीज निर्माण करत आणि ती वरच्या तारेत परत पाठवत, जेणेकरून त्याच वेळी चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या ती कामी यावी. साठ-पासष्ट वर्षे जी ऊर्जा ठोकळे जाळण्यात जात होती तिचा काही भाग असा परत मिळू लागला. मात्र या रोधालाही चाकाच्या पकडीची मर्यादा होतीच, कारण मोटरीने लावलेला ब्रेक अखेर चाक आणि रूळ यांच्या त्याच टिचभर स्पर्शातून गाडीपर्यंत पोचतो.

घाटाचा कमाल चढ आजही ३७ ला १ आहे. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात, तेथे मागून बँकर जोडले जातात आणि त्या थांब्याने कर्जतच्या बटाटेवड्याला जो लौकिक मिळवून दिला त्याचे मूळ चाकाच्या घर्षणांकात आहे, हे उतारूंच्या सहसा ध्यानात येत नाही. उतरणाऱ्या गाडीला घाटात शिरण्यापूर्वी ब्रेकची चाचणी द्यावी लागते, वेगाची मर्यादा पाळावी लागते आणि कॅच सायडिंगपाशी पूर्ण थांबावे लागते. तेथील सांधा एरवी आंधळ्या फाट्याकडेच लावलेला असतो आणि गाडी चालकाच्या ताब्यात आहे याची खात्री पटल्यावरच तो मुख्य मार्गाकडे वळवला जातो.